अयुबखान पडले ते युद्धामुळे की साखरेमुळे?

विचारलेला प्रश्न असा आहे : ‘१९६८ साली “विकासाचे दशक” म्हणून आपल्या राजवटीची दहा वर्षे थाटात साजरी करणारे पाकिस्तानचे लष्करी हुकूमशहा अयुबखान पुढच्या पाच महिन्यांत सत्तेवरून कसे गेले? १९६५ च्या युद्धातले अपयश हेच त्याचे कारण मानावे का?’

दक्षिण आशियाचा आधुनिक इतिहास मी तीसहून अधिक वर्षे महाविद्यालयात शिकवला, आणि हा प्रश्न या ना त्या रूपात जवळपास दरवर्षी वर्गात येत असे. ‘युद्ध’ एवढेच उत्तर लिहिणाऱ्याला मी निम्मे गुण देत असे. युद्धाने लोकांचा विश्वास कधी तडकला हे कळते, पण लोक रस्त्यावर आले तेव्हा अयुबखानांच्या बाजूने उभा राहायला कोणीच कसा नव्हता, हे त्यातून कळत नाही. माझ्या मते त्याचे उत्तर ते सत्तेवर कसे आले यातच आहे. त्यामुळे उत्तराची सुरुवात पडझडीपासून न करता चढणीपासून करावी लागेल.

अयुबखान यांचा जन्म १९०७ साली हजारा भागातील रेहाना या खेड्यात झाला. वडील हॉडसन्स हॉर्स या घोडदळाच्या पलटणीत रिसालदार-मेजर होते. मुलगा अलीगढला शिकला, तिथून सँडहर्स्टला गेला आणि १९२८ मध्ये अधिकारी झाला. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रह्मदेशच्या आघाडीवर होते, परंतु लढवय्या सेनानी म्हणून त्यांचे नाव गाजल्याचे कोणी म्हणत नाही. फाळणीनंतर १९४८ मध्ये त्यांना ढाक्याला पाठवण्यात आले, आणि त्या काळी ढाका म्हणजे पाकिस्तानी लष्करातला आडबाजूचा मुक्काम होता. पुढचा मोठा हात दैवाचा. डिसेंबर १९४९ मध्ये कराचीजवळ जंगशाही येथे झालेल्या विमान अपघातात मेजर जनरल इफ्तिखारखान मरण पावले. ब्रिटिश सरसेनापती ग्रेसी यांच्या जागी येणारा पहिला पाकिस्तानी अधिकारी म्हणून त्यांच्याकडे पाहिले जात होते. ती जागा जानेवारी १९५१ मध्ये वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी अयुबखानांना मिळाली. त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच सरकार उलथवण्याच्या रावळपिंडी कटाचा गौप्यस्फोट झाला. त्यात मेजर जनरल अकबरखान यांच्यासह काही अधिकारी गजाआड गेले, आणि महत्त्वाकांक्षी प्रतिस्पर्धी आपोआप दूर झाले.

अयुबखानांना सत्तेवर आणणारे १९५८ चे लष्करी बंड ही एका रात्रीची घटना होती, अशी समजूत पाठ्यपुस्तकांनी पसरवली आहे, म्हणून इथे थोडे थांबतो. ऑक्टोबर १९५१ मध्ये लियाकत अली खान यांची रावळपिंडीत हत्या झाली. त्यांच्यापासून फिरोजखान नून यांच्यापर्यंत सात पंतप्रधान आले आणि गेले, आणि या सातही जणांच्या काळात सरसेनापती मात्र एकच राहिले. अमेरिकेशी लष्करी मदतीचा करार मे १९५४ मध्ये झाला. पॅटन रणगाडे आणि सेबर विमाने येऊ लागली, आणि वॉशिंग्टनला रोज बदलणाऱ्या मंत्र्यांपेक्षा न बदलणारा सरसेनापती अधिक भरवशाचा वाटू लागला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गव्हर्नर जनरल गुलाम मुहम्मद यांनी संविधान सभाच बरखास्त केली. नव्या मंत्रिमंडळात अयुबखान सरसेनापतिपद न सोडता संरक्षणमंत्री झाले. म्हणजे ज्याने आदेश पाळायचे आणि ज्याने द्यायचे, ती दोन्ही माणसे एकच! सभापती मौलवी तमीझुद्दीन खान न्यायालयात गेले, सिंधच्या उच्च न्यायालयात जिंकलेही, पण फेडरल कोर्टात सरन्यायाधीश मुहम्मद मुनीर यांनी निकाल फिरवला. देशात राज्यघटना लागू होण्याआधीच घटनात्मक मार्ग मोडण्याचा पायंडा असा पडला होता.

लष्कराने सत्ता हिसकावली हे खरेच आहे. पण त्याआधी सात वर्षे सनदी अधिकारी, राजवाड्यातले राजकारणी आणि न्यायमूर्ती ती थोडी थोडी लष्कराच्या दारात आणून ठेवत होते. १९५८ मध्ये अयुबखानांची सरसेनापतिपदाची मुदत वाढवली ती पंतप्रधान नून यांच्या सरकारने, आणि त्याच वर्षी त्याच सरकारला अयुबखानांच्या फौजांनी घरी पाठवले. फेब्रुवारी १९५९ मध्ये पहिली सार्वत्रिक निवडणूक व्हायची होती. तिच्यातून आपण पुन्हा अध्यक्ष होऊ अशी खात्री नसलेले इस्कंदर मिर्झा यांनी ७ ऑक्टोबर १९५८ च्या रात्री घटना रद्द करून मार्शल लॉ पुकारला आणि अयुबखानांना मुख्य मार्शल लॉ प्रशासक नेमले. मिर्झांची समजूत अशी की बंदूक आपण भाड्याने घेतली आहे. २७ ऑक्टोबरच्या सकाळी नव्या मंत्रिमंडळाचा शपथविधी झाला, रात्री तीन जनरल अध्यक्षांच्या निवासस्थानी पोचले, आणि मिर्झांना राजीनाम्यावर सही करून क्वेट्टामार्गे लंडनला जावे लागले. योगायोग पाहा : त्याच २७ ऑक्टोबरला मुनीर यांच्या सर्वोच्च न्यायालयाने दोसो खटल्याचा निकाल दिला की यशस्वी झालेले बंड स्वतःच कायद्याचे उगमस्थान ठरते. या तर्काची धार मिर्झांच्या लक्षात आली असेल तर उशिराच आली असेल, कारण यशस्वी ठरलेले बंड त्यांचे नव्हते.

सुरुवातीची वर्षे अयुबखानांना लोकप्रियतेची गेली, हे नाकारण्यात अर्थ नाही. साठेबाजांवर धाडी पडल्या, दुकानांत भावफलक लागले, निर्वासितांच्या वसाहती उभ्या राहिल्या. १९६० मध्ये कराचीत नेहरूंबरोबर सिंधू पाणीवाटप करार झाला आणि २०२५ मध्ये भारताने तो स्थगित करेपर्यंत कित्येक युद्धे पचवून टिकला. १९६१ च्या मुस्लिम कौटुंबिक कायद्याच्या वटहुकुमाने दुसऱ्या विवाहावर बंधने घातली, विवाहनोंदणी आणली; मौलवींचा विरोध पत्करून हे करणे सोपे नव्हते. नवी राजधानी इस्लामाबाद, मंगला धरण, गिरण्या, साखर कारखाने हे सारे याच काळातले. माझ्या वर्गातले काही विद्यार्थी हे ऐकून ‘मग हुकूमशाही बरीच की’ असे म्हणत. मी त्यांना पुढचा भाग शिकवून होईपर्यंत थांबायला सांगे.

पुढचा भाग म्हणजे ‘बेसिक डेमोक्रसी’, मूलभूत लोकशाही. अयुबखानांचे म्हणणे असे की पाश्चात्त्य धर्तीची लोकशाही आपल्या लोकांच्या प्रकृतीला मानवत नाही. म्हणून गावपातळीवर ८०,००० प्रतिनिधी निवडायचे, पूर्वेत ४०,००० आणि पश्चिमेत ४०,०००, आणि अध्यक्ष व कायदेमंडळे निवडण्याचा हक्क फक्त या प्रतिनिधींना द्यायचा. १४ फेब्रुवारी १९६० रोजी याच प्रतिनिधींकडून त्यांनी विश्वासमत घेतले आणि ९५ टक्क्यांहून अधिक मते मिळवली. १९६२ ची राज्यघटना याच पायावर बेतलेली होती. आता या व्यवस्थेचे अंतरंग पाहा. या प्रतिनिधींच्या हातून ग्रामविकासाचा पैसा खर्च व्हायचा आणि त्यांच्यावर देखरेख जिल्ह्याच्या अधिकाऱ्याची असायची. ज्याची रस्त्याची आणि विहिरीची मंजुरी कलेक्टरच्या टेबलावर पडली आहे, तो कलेक्टरच्या मालकाविरुद्ध मत कसे देणार? कोट्यवधी मतदारांना सांभाळण्यापेक्षा ऐंशी हजारांना सांभाळणे सोपे, हा हिशेब बरोबर होता. परंतु हे ऐंशी हजार लोकांचे म्हणणे वर नेणारे उरले नाहीत. वरच्याचे म्हणणे खाली नेणारे मध्यस्थ झाले, आणि खालून काय शिजते आहे हे सत्ताधाऱ्याला कळण्याचा मार्ग त्यांनीच बंद करून टाकला.

बाकीचे मार्गही असेच बुजवले गेले. १९५९ च्या एका हुकुमाखाली जुन्या पुढाऱ्यांना वर्षानुवर्षे राजकारणातून बाद करण्यात आले. त्याच वर्षी डाव्या विचारांचा मोठा वृत्तपत्रसमूह सरकारने ताब्यात घेतला, आणि १९६३ च्या वटहुकुमाने उरलेल्यांच्या मुसक्या आवळल्या. लष्करात तर निवडीचे सूत्र उघडच होते. सरसेनापतिपदी आधी मुहम्मद मूसा आणि सप्टेंबर १९६६ मध्ये, ज्येष्ठ अधिकाऱ्यांना डावलून, याह्याखान यांची नेमणूक झाली. दोघांची खरी पात्रता अशी की त्यांच्यापासून अध्यक्षांना धोका वाटत नव्हता. यातले याह्याखान हे नाव लक्षात ठेवावे.

धोक्याची पहिली घंटा युद्धाआधीच वाजली होती, आणि तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने ही बाब फार मोलाची आहे. २ जानेवारी १९६५ च्या अध्यक्षीय निवडणुकीत संयुक्त विरोधकांनी मुहम्मद अली जीना यांच्या भगिनी फातिमा जीना यांना उभे केले. त्या सत्तरीच्या होत्या, प्रकृतीने नाजूक; पण त्यांच्या गाडीला ढाका आणि चितगावच्या वाटेवर दर स्टेशनावर गर्दी लोटली. फातिमाबाईंची खूण कंदील आणि अयुबखानांची गुलाब. स्त्री राष्ट्रप्रमुख होऊ शकते का यावर सरकारच्या बाजूचे काही उलेमा फतवे काढू लागले, आणि एरवी स्त्रियांच्या सार्वजनिक वावराला कडवा विरोध असणारे जमात-ए-इस्लामीचे मौदुदी फातिमाबाईंच्या पाठीशी उभे राहिले. राजकारण माणसाला कुठे नेऊन उभे करते याचा यापेक्षा गमतीदार नमुना मला दुसरा आठवत नाही. निकाल : अयुबखान सुमारे ६२ टक्के, फातिमाबाई सुमारे ३६ टक्के. मतदार फक्त ऐंशी हजार आणि सगळी सरकारी यंत्रणा हाताशी असताना एवढी मते विरोधात गेली. कराची आणि ढाका या दोन्ही मोठ्या शहरांत फातिमाबाई पुढे होत्या, आणि पूर्व पाकिस्तानात एकूण फरकही थोडाच राहिला. विजयानंतर अध्यक्षांचे पुत्र गोहर अयुब यांनी कराचीत काढलेल्या मिरवणुकीनंतर विरोधकांच्या वस्त्यांत हिंसाचार झाला आणि माणसे मेली. लष्करातून बाहेर पडून सासऱ्यांसह मोटार उद्योगात उतरलेल्या या मुलाचे नाव तोवर लोकांच्या तोंडी वशिलेबाजीचा दाखला म्हणून आलेच होते.

युद्धाचा निर्णय या पार्श्वभूमीवर झाला. एप्रिल १९६५ मध्ये कच्छच्या रणात झालेल्या चकमकींनी आत्मविश्वास वाढला होता. परराष्ट्रमंत्री झुल्फिकार अली भुट्टो आणि त्यांच्या वर्तुळातील अधिकाऱ्यांनी अशी मांडणी केली की काश्मीरमध्ये सशस्त्र घुसखोर पाठवले की जनता उठाव करील आणि भारत आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडणार नाही. ‘ऑपरेशन जिब्राल्टर’ ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सुरू झाले. काश्मिरी जनतेने उठाव तर केला नाहीच, उलट घुसखोरांची खबर ठाण्यात दिली. १ सप्टेंबरला जम्मू भागातील छांब-अखनूरवर पाकिस्तानी फौजांची चढाई झाली. ती पुढे सरकत असताना मध्येच सेनापती बदलून अख्तर हुसेन मलिक यांच्या जागी याह्याखानांना आणले गेले आणि चढाईचा वेग गेला. ६ सप्टेंबरला भारतीय सेना लाहोरच्या दिशेने सीमेपार गेली. त्या वेळी दिल्लीत संरक्षणमंत्री होते यशवंतराव चव्हाण, चीनच्या युद्धानंतर महाराष्ट्राचे मुख्यमंत्रिपद सोडून गेलेले. आणि सियालकोट आघाडीवर फिल्लोराच्या लढाईत पूना हॉर्सचे लेफ्टनंट कर्नल तारापोर यांनी परमवीरचक्राचा पराक्रम केला. खेमकरणजवळ असल उत्तर येथे पाण्याने भरलेल्या उसाच्या शेतांत पॅटन रणगाडे रुतले, आणि हवालदार अब्दुल हमीद यांचे नाव घराघरांत गेले. अमेरिकेने शस्त्रपुरवठा थांबवला. २३ सप्टेंबरला युद्धबंदी झाली.

लष्करी निकष लावले तर हे युद्ध पाकिस्तान सपशेल हरला असे म्हणता येत नाही. पण ज्या हेतूने सुरू केले तो हेतू मात्र पुरता फसला. अडचण अशी झाली की सरकारी रेडिओने तीन आठवडे रोज विजयाच्या बातम्या दिल्या होत्या. ज्याला विजय झाल्याचे सांगितले आहे त्याला १० जानेवारी १९६६ चा ताश्कंद करार कसा पटणार? दोन्ही सैन्यांनी ५ ऑगस्टच्या पूर्वीच्या जागी परतायचे, हे त्यातले मुख्य कलम होते. लाहोरात विद्यार्थी रस्त्यावर आले. भुट्टोंनी आपले हात धुऊन घेतले. युद्धाच्या मसलतीत सर्वांत पुढे असलेला हा मंत्री जूनमध्ये मंत्रिमंडळातून बाहेर पडला आणि ‘टेबलावर काश्मीर घालवले’ असे सुचवत फिरू लागला. खोट्या बातम्यांची किंमत शेवटी त्या छापणाऱ्यालाच मोजावी लागली.

पूर्वेकडे युद्धाचा धडा वेगळाच होता. पाकिस्तानची निम्म्याहून अधिक लोकसंख्या तिथे होती, तागाच्या निर्यातीचे परकीय चलन तिथले होते, आणि युद्धकाळात तिथे संरक्षणाला जेमतेम एक डिव्हिजन ठेवलेली. ‘पूर्वेचे रक्षण पश्चिमेतून होईल’ हे धोरण आम्हाला वाऱ्यावर सोडण्यासाठी होते, असे बंगाली माणसाने मनोमन ठरवले. शेख मुजीबुर रहमान यांनी फेब्रुवारी १९६६ मध्ये लाहोरातच प्रांतिक स्वायत्ततेची सहा कलमे मांडली. सरकारने त्यांना आधी तुरुंगात टाकले आणि १९६८ च्या आरंभी भारताशी संगनमत केल्याच्या आगरतळा खटल्यात ३५ आरोपींत पहिले नाव त्यांचे घातले. एका प्रांतातल्या पुढाऱ्याला साऱ्या बंगालचा नेता बनवण्याचे काम त्या खटल्याने केले.

आता ‘विकासाच्या दशका’कडे येऊ. एप्रिल १९६८ मध्ये सरकारच्याच नियोजन आयोगाचे मुख्य अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांनी जाहीर भाषणात सांगितले की देशातील सुमारे दोन तृतीयांश औद्योगिक मालमत्ता, विम्याचा ७० टक्के आणि बँकांचा ८० टक्के व्यवहार अवघ्या २२ घराण्यांच्या हाती आहे. हा आकडा लोकांनी उचलला आणि ‘बावीस घराणी’ ही शिवीच झाली. जानेवारीअखेर स्वतः अयुबखान गंभीर आजारी पडले होते. घटनेप्रमाणे अध्यक्ष असमर्थ असेल तर राष्ट्रीय विधिमंडळाच्या सभापतीने, म्हणजे एका बंगाली गृहस्थांनी, कारभार पाहायचा होता. त्यांना कोणी विचारलेही नाही. अध्यक्षांच्या घराभोवती याह्याखानांच्या माणसांचा पहारा बसला. मालक अंथरुणाला खिळला की किल्ली कोणाकडे जाणार, याची ही रंगीत तालीम होती.

प्रत्यक्ष ठिणगी अगदी क्षुल्लक. ७ नोव्हेंबर १९६८ रोजी रावळपिंडीच्या विद्यार्थ्यांनी अफगाण सरहद्दीजवळच्या लंडी कोतलच्या बाजारातून आणलेला चोरटा माल चौकीवर जप्त झाल्याच्या रागातून निदर्शने झाली, पोलिसांनी गोळीबार केला आणि पॉलिटेक्निकचा एक विद्यार्थी ठार झाला. त्याचेही नाव अब्दुल हमीदच होते. तीन दिवसांनी पेशावरच्या सभेत अयुबखानांच्या दिशेने गोळ्या झाडल्या गेल्या. भुट्टोंना अटक झाली, आंदोलनातली त्यांची जागा माजी हवाईदलप्रमुख असगरखान यांनी घेतली. साखर महाग झालीच होती, आणि चहाचा पेला हातात घेणाऱ्या प्रत्येकाला तिचा हिशेब कळत होता. विद्यार्थी, वकील, डॉक्टर, रेल्वे कामगार अशी लाट पसरत गेली. २० जानेवारी १९६९ रोजी ढाक्यात असदुझ्झमान हा विद्यार्थी नेता गोळीबारात पडला. १५ फेब्रुवारीला आगरतळा खटल्यातील आरोपी सार्जंट झहूरुल हक कोठडीत मारला गेला. संतप्त जमावाने खटल्याच्या प्रमुख न्यायाधीशांचे निवासस्थान पेटवले.

२१ फेब्रुवारीला अयुबखानांनी पुढची निवडणूक लढवणार नाही असे जाहीर केले, दुसऱ्या दिवशी आगरतळा खटला मागे घेतला आणि विरोधकांना रावळपिंडीत गोलमेज परिषदेला बोलावले. तिथे प्रौढ मतदान आणि संसदीय पद्धत त्यांनी मान्य केली. दहा वर्षे जे नाकारले ते तीन आठवड्यांत दिले. पण मुजीबना त्यापुढची स्वायत्तता हवी होती, पूर्वेतले डावे पुढारी मौलाना भाषानी आणि भुट्टो परिषदेला आलेच नाहीत, आणि ज्याच्याशी तडजोड करावी असा एकही मातब्बर मध्यममार्गी पुढारी उरला नव्हता. तसे पुढारी राजकारणातून बाद करण्यात त्यांनीच १९५९ पासूनची वर्षे घालवली होती. ऐंशी हजार मूलभूत लोकशाहीवादी या काळात कुठे होते? पूर्व बंगालच्या खेड्यांत त्यांच्यातल्या अनेकांवर जमाव चालून गेले. बाकीचे गप्प बसले. अध्यक्षांसाठी एकही मोर्चा निघाला नाही.

राहिले लष्कर. अयुबखानांच्या निकटवर्तीयांनी पुढे सांगितले त्याप्रमाणे त्यांना काही शहरांपुरताच मार्शल लॉ हवा होता. याह्याखानांचे उत्तर असे की लावायचा तर देशभर लावू, आणि तो लष्कराच्या नावाने. सौम्य, सुखासीन, निरुपद्रवी म्हणून निवडलेला माणूस हाच होता. २४ मार्चच्या पत्राने अयुबखानांनी कारभार सरसेनापतींच्या हवाली केला आणि २५ मार्च १९६९ ला देशाला शेवटचे भाषण ऐकवले. स्वतः लिहवून घेतलेल्या घटनेनुसार हा कारभार सभापतींकडे जायला हवा होता.

म्हणून तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे : युद्ध, साखर, बावीस घराणी ही सगळी कारणे खरी, पण तेवढ्याने निवडून आलेले सरकार पडले असते आणि दुसरे आले असते. अयुबखानांपाशी पायउतार होण्याची रीतच नव्हती. १९५८ मध्ये मिर्झांना ज्या दाराने बाहेर काढले, तेच एक दार त्यांनी उघडे ठेवले होते. एप्रिल १९७२ मध्ये पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाने अस्मा जिलानी खटल्यात दोसोचा निकाल रद्द ठरवला, याह्याखानांना बळकावणारे म्हटले, आणि त्या २४ मार्चच्या पत्राने सत्ता सोपवण्याचा अधिकारच अयुबखानांना नव्हता असे सांगितले. तोवर ढाका पडून चार महिने झाले होते आणि याह्याखान नजरकैदेत होते. अयुबखान तेव्हा निवृत्तीचे दिवस काढत होते. १९७४ च्या एप्रिलमध्ये ते वारले आणि रेहाना गावी त्यांचे दफन झाले.